चुकलं तर कोणाचं जातं?



पऱ्हाटीला पात्या लागल्यात, सोयाबीन फुलोऱ्यात आहे. पावसाने आठ दिवस उघाड दिली म्हणून एक डवरणी उरकून घेतली. पिकाची नोंद आज एवढीच. बाकीचं जे बोलायचंय ते गेल्या मंगळवारपासून घशात अडकलंय.

मंगळवारी तालुक्याला कार्यशाळा होती. 'स्मार्ट शेती'वर. एसी हॉल, दुपारी पुलाव, बाहेर मंडपात ड्रोन मांडलेला. एका कंपनीचे मोठे साहेब आले होते. माणूस हुशार, बोलले पण चांगलं. पण शेवटी म्हणाले, "तंत्रज्ञान तयार आहे. आता फक्त शेतकऱ्याची मानसिकता बदलायला हवी." टाळ्या पडल्या. माझ्या बाजूला बसलेला आमच्या गावचा गडी हळूच म्हणाला, "भाऊ, मानसिकता कितीले भेटते?"

प्रश्नोत्तरं वेळेअभावी रद्द झाली. म्हणून उत्तर इथं देतो. थोडं लांबेल, पण धुऱ्यावर बसून वाचा.

आधी मानसिकतेचंच घ्या. बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. पुढच्या दहा वर्षांत कपाशीचं नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटीखाली गेलं. कोणी घरोघरी जाऊन मानसिकता बदलली होती? तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला तर अजून परवानगीच नाही. तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी ती उघड-उघड लावून कायदेभंग केला. ते बियाणं लावा असं मी म्हणत नाही, तो वाद वेगळा आहे. मी म्हणतो ते एवढंच, की निंदणाला बाई मिळत नाही आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही, तेव्हा शेतकरी कायद्याचीसुद्धा वाट पाहत नाही. आणि बॅटरीवरचा फवारणी पंप? कोणत्या कार्यशाळेने पसरवला तो? ज्याच्या खांद्याचा पट्टा आणि हाताचा दांडा सुटला, त्याचं पाहून शेजाऱ्याने घेतला. आज गावात हातपंप शोधावा लागतो.

हा वाद नवा पण नाही. अमेरिकेत मक्याचं संकरित बियाणं आलं तेव्हा तिथल्या पंडितांनाही हाच प्रश्न पडला होता, की काही शेतकरी लवकर घेतात, काही उशिरा, असं का? १९५७ साली झ्वी ग्रिलिकस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने आकडे मांडून दाखवलं, की ज्या भागात नफा जास्त दिसला तिथं ते लवकर पसरलं, जिथं कमी दिसला तिथं हळू. आणि दुसरी गोष्ट त्याने दाखवली ती माझ्या आजच्या बोलण्याचं मूळ आहे. बियाणं कंपन्यांनी प्रत्येक भागासाठी वाण एकाच वेळी तयार केलं नाही. जिथं गिऱ्हाईक दाट, तिथं त्या आधी गेल्या. बाकीच्यांना 'मागासलेले' ठरवणं सोपं होतं, पण त्यांच्या मातीचं, त्यांच्या हवेचं बियाणं बाजारात आलंच नव्हतं.

म्हणजे शेतकरी काय घेतो हा प्रश्न नंतरचा. त्याच्यापुढे काय ठेवायचं हे वर कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. ते कसं ठरतं?

मी काही कंपनीच्या बैठकीत बसत नाही. पण बाहेर आलेल्या मालावरून आतला विचार कळतो. तिथं तीन प्रश्न विचारले जात असावेत. एक, हे दरवर्षी पुन्हा विकता येईल का? दोन, मंडपात, स्टेजवर, व्हिडिओत हे चांगलं दिसेल का? तीन, यासाठी योजना, अनुदान किंवा गुंतवणूकदार आहे का? हे तिन्ही प्रश्न धंद्याच्या दृष्टीने चूक नाहीत. आपणही दुकान टाकलं असतं तर हेच विचारलं असतं. पण चौथा प्रश्न तिथं नसतो. हे चुकलं तर कोणाचं जातं? चुकलं तर ठरवणाऱ्याची फार तर बढती थांबते. आपला हंगाम जातो, आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो.

हवेत बोलत नाही. तीन उदाहरणं देतो.

पहिलं जुनं आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. सत्तरच्या दशकात तिथं काळ्या जमिनीवर फार चांगलं काम झालं. रुंद वरंबा आणि सरी, म्हणजे पाऊस जास्त झाला तर पाणी निघून जातं, कमी झाला तर मुरतं. त्या वरंब्यांसाठी त्यांनी बैलाचं चाकाचं बहुउद्देशीय अवजार पुढे आणलं, ट्रॉपिकल्टर. मूळ डिझाइन ज्याँ नोल या फ्रेंच माणसाचं. दोन चाकं, मधे लोखंडी दांडा. त्यालाच नांगर लावा, वखर लावा, पेरणी करा, आणि वरून पाटी बसवली की गाडी तयार. कागदावर याहून चांगली गोष्ट सापडणार नाही. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका सगळीकडे अशी अवजारं तीस वर्षं सुधारत राहिले.

१९८८ साली पॉल स्टार्की नावाच्या अभ्यासकाने या सगळ्याचा हिशेब मांडला. जगभरात सुमारे दहा हजार अवजारं तयार झाली होती. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं बहुउद्देशीय अवजार म्हणून वापरली अशी जवळजवळ शून्य. बहुतेक पडून राहिली किंवा नुसती बैलगाडी म्हणून चालली. त्याच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच असा होतो, 'परिपूर्ण केलं, तरी नाकारलं'. कारणं काय? महाग, जड, वळवायला अवघड, एका कामावरून दुसऱ्यावर जाताना जुळवाजुळव फार. आमच्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने चहा पिता-पिता सांगितलं असतं, की पेरणीच्या दिवशी मला गाडी पण लागते आणि तिफण पण. दोन्ही एकाच चाकावर असतील तर एक मोडलं की दोन्ही बसले.

पण याच्याहून मोठी गोष्ट त्या हिशेबात होती. इतकी वर्षं संशोधन केंद्रांच्या अहवालात यशच यश लिहिलं जात होतं. अपयश कोणी छापलंच नाही. म्हणून एका देशात फसलेलं अवजार दुसऱ्या देशात नव्या उत्साहाने पुन्हा सुरू व्हायचं.

आणि गंमत बघा. रुंद वरंब्याची कल्पना मेली नाही. ट्रॅक्टर गावोगाव आला, त्याच्यामागे बीबीएफ यंत्र जोडलं गेलं, आणि आज आपल्याकडे कितीतरी जण सोयाबीन त्याच्यावर घेतात. मी पण घेतो. कल्पना बरोबर होती, ती ज्या गाड्यावर चढवली तो गाडा कोणालाच नको होता.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या अंगावरचं आहे. कपाशी. बीटी तंत्रज्ञान खोटं होतं असं मी म्हणणार नाही. हिरव्या बोंडअळीने नव्वदच्या दशकात काय केलं ते मी वडिलांच्या बाजूला उभं राहून पाहिलंय. बीटीने ती अळी आवरली, सुरुवातीची वर्षं फवारण्या कमी झाल्या. पण जनुक चांगलं असणं वेगळं आणि ते कोणत्या झाडात घालायचं हे ठरवणं वेगळं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन इथं बीटी मुख्यतः सरळ वाणांत आलं. आपल्याकडे ते आलं संकरितात. संकरित म्हणजे सरकी घरची ठेवता येत नाही, पाकीट दरवर्षी विकत. वरचा पहिला प्रश्न आठवला का?

पाकीट महाग म्हणून झाडं विरळ लावली. विरळ म्हणून प्रत्येक झाडाकडून जास्त बोंडं घ्यायची. त्यासाठी पीक डिसेंबर, जानेवारी, कुठं पाणी असलं तर मार्चपर्यंत उभं. आणि गुलाबी बोंडअळी ही उशिराच्या हंगामाचीच अळी. तिला आपण पाच-सहा महिने पंगत वाढून ठेवली. पहिल्या बीटी जनुकाला गुलाबी अळी दाद देत नाही हे गुजरातमधून २०१० साली जाहीर झालं. दोन जनुकांचं बोलगार्ड-दोन २००६ पासून बाजारात होतं, तेही पुढे तिने पचवलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची, कडेने लावायला. ती किती जणांनी लावली? खरं बोलायचं तर मीही दोन वर्षं फेकली. पण ज्याच्याकडे चार एकर आहे तो वावराच्या कडेला अळीसाठी पीक सोडेल, हे गृहीत धरून ज्याने योजना आखली त्याने कधी चार एकरांत घर चालवलं होतं का?

सरळ वाणात बीटी आणायचा प्रयत्न सरकारी संस्थांनी केला. 'बिकानेरी नरमा' वाण २००९ च्या सुमारास आलं, पण त्यात कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली आणि ते मागे घेतलं गेलं. तिथून पुढची वर्षं गेली ती गेली. आज सगळे सघन लागवड, कमी दिवसांचं वाण, वेळेत फरदड बंद हे सांगतात. बरोबरच सांगतात. पण हे जे आज सांगतायत ते २००२ ला कोणी का निवडलं नाही, याचा जाब कोणी देत नाही. यवतमाळला २०१७ मध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली, तेव्हा चर्चा झाली मास्क घातला होता का याची. म्हणजे परत मानसिकता.

तिसरं उदाहरण माझंच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वावरात एक हवामान केंद्र बसलं. सोबत जमिनीत ओलाव्याचे सेन्सर. पहिलं वर्ष फुकट, फोटो काढले, माझी मुलाखत पण घेतली. पावसाळ्यात ठीक चाललं. ऑक्टोबरमध्ये जमीन वाळायला लागली आणि सेन्सर बहकला. आपली काळी जमीन वाळली की भेगा पडतात हे लहान पोराला माहीत आहे. सेन्सरच्या भोवतीची माती सुटली, आत हवा गेली, आणि तो वाळवंटाचे आकडे दाखवायला लागला. मोबाईल ओरडतोय "तातडीने पाणी द्या". मी कुदळ मारून बघतो तर वीतभर खाली गोळा वळतोय. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, कॅलिब्रेशन करावं लागेल." माणूस आला बावीस दिवसांनी. तोवर हरभऱ्याचं पहिलं पाणी मी माझ्या डोळ्याने देऊन मोकळा झालो होतो.

आणि सल्ला बरोबर असला तरी काय? ॲप म्हणतं सकाळी सहाला पाणी द्या. त्या आठवड्यात लाइन रात्रीची. रात्री उठून, बॅटरी घेऊन, सापाकिरड्यातून मोटर चालू करायला जातो मी, ॲप जात नाही. दुसऱ्या वर्षी वर्गणी मागितली, मी दिली नाही. त्यांच्या यादीत मी आता 'तंत्रज्ञान न स्वीकारलेला शेतकरी' असेन.

याच रात्रीच्या पाण्यावर पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी काय केलं बघा. आजोबांना मोटरीसाठी होणारा त्रास त्यांनी घरातच पाहिला होता. त्यातून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायचं यंत्र केलं, 'नॅनो गणेश'. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज तशा प्रकारचे मोबाईल स्टार्टर किती कंपन्यांचे निघाले, गावातल्या मोटर बांधणाऱ्याला सुद्धा ते बसवता येतात. इथं कोणाची मानसिकता आडवी आली? प्रश्न आजोबांचा होता, म्हणून उत्तर नातवाचं असो की कोणाचं, ते चाललं.

आता कोणी म्हणेल, हा नव्याच्या विरोधात आहे. नाही बाबांनो. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टसोबत उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवलाय, तो मी लक्ष देऊन वाचतो. उसाला बारा महिने पाणी आहे, ठिबक आहे, मागे कारखाना आहे. तिथं पाण्याचा, खताचा अचूक सल्ला पैसे वाचवू शकतो. पण त्याचाच फोटो दाखवून माझ्या कोरडवाहू तुरीला तेच औषध सांगू नका. राज्यातली बहुतांश जमीन पावसावर आहे. ज्याच्या हातात पाणीच नाही त्याला पाणी कधी द्यायचं हे सांगून काय उपयोग? राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आणलं, पैसाही ठेवला. तो कोणत्या प्रश्नावर खर्च होणार, हे ठरवताना कोरडवाहू माणूस खोलीत असला पाहिजे, एवढंच मागणं.

ड्रोनचंही तसंच. नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० बचत गटांना ड्रोन, ८० टक्के अनुदान, जास्तीत जास्त आठ लाख. हेतू चांगला. डोक्यावर गेलेल्या तुरीत, चिखलात, माणूस विषापासून लांब ठेवून फवारता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण किती वाटले हा आकडा मोजण्यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती उडतायत, बॅटरी मेल्यावर नवी कोणी घेऊन दिली, दीदीच्या हातात महिन्याला काय उरलं, हे मोजा. बाकी कौतुक मग करू.

थोडं आपल्याकडेही बोट करतो. आमच्या गोठ्यात अनुदानात आलेलं एक यंत्र उभं आहे. गरज नव्हती, 'मिळतंय ना, घेऊन ठेव' म्हणून घेतलं. आज त्याच्यावर कोंबड्या बसतात. रोटाव्हेटर जिथं-तिथं फिरवून खाली तवा कोणी तयार केला? आपणच. वर ठरवणारे जसे दुसऱ्या कंपनीकडे पाहून ठरवतात, तसे आपण शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे पाहून ठरवतो. आपली चूक एवढीच वेगळी, की तिचे पैसे आपण स्वतः भरतो.

कृषी विज्ञान केंद्रातली, विद्यापीठातली, कंपन्यांतली बरीच कृषी पदवीधर पोरं हे पान वाचतात. तुमच्यावर राग नाही. तुमच्याकडून प्रात्यक्षिकं किती झाली याचा हिशेब मागतात, तिसऱ्या वर्षी किती टिकलं याचा नाही, हे मला माहीत आहे. पण वर अहवाल जाताना एवढं तरी लिहा:

एक. यंत्र ठरवण्याआधी गावाचे प्रश्न लिहून घ्या. आमच्या गावात विचाराल तर पहिले चार असे येतील: रोही आणि रानडुक्कर, निंदणाची मजुरी, रात्रीची लाइन, पावसाळ्यात बंद पडणारा पाणंद रस्ता. यातल्या एकावर तरी काम करणाऱ्याला मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या देईन.

दोन. प्रात्यक्षिकाच्या वावरात बिगर-प्रात्यक्षिकाची पट्टी सोडा, आणि तिला खत-पाणी तेवढंच द्या. तुलना नसेल तर तो नुसता फोटो.

तीन. एक चांगलं वर्ष आणि एक वाईट वर्ष दोन्ही पाहिल्याशिवाय शिफारस नको. चांगल्या पावसात दगड पण उगवतो.

चार. दुरुस्ती तालुक्यात होते का, आणि किती दिवसांत, हे किमतीच्या खाली छापा.

पाच. कंपनीला शिफारशीवर भरवसा असेल तर चाचणीच्या एकराचा तोटा अर्धा तिने उचलावा, लेखी. न उचलणाऱ्याने मानसिकतेवर भाषण देऊ नये.

सहा. फसलेले प्रयोग छापा. चाकाच्या अवजाराने तीस वर्षं खाल्ली ती याच कारणाने.

आणि आपण? अमेरिकेतल्या आयोवातल्या २५९ शेतकऱ्यांचा १९४३ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. संकरित मका इतका चांगला निघाला की शेवटी दोघे सोडून सगळ्यांनी घेतला. पण बहुतेकांनी आधी थोड्या जागेत लावून पाहिला आणि मग वाढवला. सगळं वावर पहिल्या वर्षी कोणाच्या सांगण्यावर लावलं नाही. तीच खरी मानसिकता आहे आणि ती आपल्याकडे पिढ्यान्-पिढ्या आहे. ती बदलू नका, उलट लिहून ठेवायची सवय तेवढी लावा.

माझ्यापासून सुरुवात करतो. येत्या रब्बीत हरभऱ्याला दुकानदाराने एक नवीन जिवाणू खत सुचवलंय. सहा तासं त्याची, सहा बिगर, असं वावरात तीन ठिकाणी लावणार. खुंट्या ठोकणार, मळणी वेगळी करणार, वजन काट्यावर करणार. जे निघेल ते इथं टाकीन, फसलं तरी टाकीन. तुमच्यापैकी कोणी असंच करणार असेल तर खाली गाव आणि पीक लिहा. दहा गावांतून दहा आकडे आले तर पुढच्या कार्यशाळेत वेळेअभावी प्रश्न रद्द झाले तरी चालेल, कागद हातात देऊन येऊ.

ढग परत भरून आलेत. युरियाचं पोतं बाहेर राहिलंय, उचलतो.

राम राम.